आजी दाराशीच का बसते?

सुटीत घरातली सगळी मंडळी मिळून एखाद्या मोठ्या करमणूक उद्यानात गेली आहेत, असे दृश्य डोळ्यांसमोर आणा. आकाशपाळणा आहे, गरगर फिरणारे घोडे आहेत, झुलणारे जहाज आहे, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. मुले तिकिटे हातात घेऊन धावत सुटतात. आणि आजी? ती फाटकाजवळच्या बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली असते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नेमके हेच घडले. मी राहतो चिंचवडला. माझी आई चाकणजवळच्या खेड्यात असते. वय ७२, प्रकृती ठणठणीत, पण गुडघे झिजलेले. घरात, अंगणात ती हिंडते-फिरते. दोनशे पावलांपलीकडे मात्र तिला बसावे लागते. माझी भाची नववीत आणि भाचा सहावीत. दोघांनी हट्टाने आजीला बरोबर घेतले आणि आम्ही पुण्याजवळच्या एका करमणूक उद्यानात गेलो. फाटकातून आत शिरताच समोर पायऱ्या. आजीने त्या पाहिल्या, पलीकडचा लांबलचक रस्ता पाहिला आणि म्हणाली, "मी हितंच बसते. तुमच्या पिशव्या सांभाळते. तुम्ही जाऊन या."

आम्ही गेलो. चार तासांनी परत आलो तेव्हा आजी तिथेच होती. पाण्याची बाटली भरलेली होती तशीच होती. भाचीने विचारले, "आजी, तू पाणीसुद्धा प्यायली नाहीस?" आजी हळूच म्हणाली, "प्याले असते तर मोरीला जावं लागलं असतं. ती कुठं आणि किती पायऱ्यांवर, कुणाला ठाऊक!"

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. रात्री भाचीने मला प्रश्न विचारला, "मामा, आजी दाराशीच का बसते?" "गुडघ्यांमुळे," मी म्हणालो. ती म्हणाली, "मग चार पायऱ्यांऐवजी उतरण असती, आणि चाकाची खुर्ची असती, तर तेच गुडघे असूनही ती आत आली असती ना?"

प्रश्न बिनतोड होता. आजीला अडवले ते केवळ गुडघ्यांनी नव्हे. काही सेंटिमीटरांनीही अडवले. आणि सेंटिमीटर ही मोजता येणारी गोष्ट आहे. ते मोजायला आम्ही त्या रात्रीपासून शिकलो. त्यातले विज्ञान तुम्हाला शाळेत शिकवलेलेच आहे. चला, पाहू या.

गुडघा आणि खुर्ची

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात जिथे भेटतात, तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय वाढते तसे पुष्कळांच्या बाबतीत हे आवरण झिजते आणि सांधा दुखू लागतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. जिना चढताउतरताना तो तीन पटींच्याही वर जातो. म्हणजे ५० किलोग्रॅम वजनाच्या आजीच्या गुडघ्याला प्रत्येक पायरीवर दीडशे किलोग्रॅमच्या वर भार सोसावा लागतो. दिवसभरात उद्यानात चार-पाच किलोमीटर चालणे सहज होते. आजी 'नको' म्हणते ती कंटाळा म्हणून नव्हे, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

यावर उपाय चाकाची खुर्ची, म्हणजेच व्हीलचेअर. पण आजी खुर्चीत बसायला तयार होईना. "खुर्चीत बसून फिरायला मी काय आजारी आहे? गावातलं कुणी भेटलं तर काय म्हणेल?" भाची म्हणाली, "आजी, तू चष्मा लावतेस तेव्हा तुला कुणी आजारी म्हणतं का?" आजी हसली, पण लगेच कबूल झाली नाही. तिला आठ दिवस लागले. तुमच्या आजीलाही लागतील. तेवढे द्यावेत. कोणालाही त्याच्या मनाविरुद्ध खुर्चीत बसवू नये.

आज आपण पाहतो ती घडीची खुर्ची कोणी केली, ठाऊक आहे? अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणकाम अभियंता होते. अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. त्या काळच्या खुर्च्या अवजड होत्या आणि मोटारीत मावत नसत. १९३३ साली त्यांनी हॅरी जेनिंग्ज या यंत्र अभियंता मित्राच्या मदतीने फुलीच्या आकाराच्या दांड्यांवर मिटणारी, नळ्यांची खुर्ची तयार केली. खुर्ची मोटारीत मावू लागली आणि बसणारा माणूस घराबाहेर पडू लागला.

आणि खुर्चीतला माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढे ते पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरीस होते. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले. वेळ होती ३७.३३ सेकंद. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक. आजीला ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "मग आणा खुर्ची."

चाक आणि उंबरठा

आपण चाकांच्या मुलखात राहतो. आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरीच्या कारखान्यांतून स्कूटर, टेम्पो, ट्रक बाहेर पडू लागले. पुढे मोटारींचे मोठे कारखाने चाकणला आले. तरीही चाक कुठे अडते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

व्हीलचेअरला मागे दोन मोठी चाके असतात. त्यांची त्रिज्या साधारण ३० सेंटिमीटर. पुढे दोन छोटी चाके असतात. त्यांची त्रिज्या १० सेंटिमीटर धरा. आता समोर फक्त २ सेंटिमीटर उंचीचा उंबरठा आला. काय होईल?

कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्याच्या पुढ्यात २ सेंटिमीटर उंचीची पायरी काढा. चाक पायरीच्या कोपऱ्याला टेकले आहे. हा कोपरा म्हणजे तरफेचा टेकू. चाकाचा मध्य कोपऱ्यापेक्षा १० − २ = ८ सेंटिमीटर उंच आहे. कोपरा ते मध्य हे अंतर म्हणजे त्रिज्या, १० सेंटिमीटर. मग मध्य कोपऱ्याच्या आडव्या दिशेने किती मागे आहे? पायथागोरसला विचारा. १०० − ६४ = ३६, म्हणजे ६ सेंटिमीटर. तुमच्या ओळखीचाच ६, ८, १० चा काटकोन त्रिकोण तयार झाला!

चाकावरचा भार खाली ओढतो. टेकूपासून त्याचे अंतर ६. आपण आडवे ढकलतो. टेकूपासून त्या बलाचे अंतर ८. तरफेच्या नियमाने चाक चढायला लागणारे बल भाराच्या ६/८ पट, म्हणजे पाऊणपट हवे.

आजीचे वजन ५० किलोग्रॅम, खुर्ची २० आणि मागे टांगलेली पिशवी २, असे एकूण ७२ किलोग्रॅम धरू. त्यातला एक तृतीयांश भार, म्हणजे २४ किलोग्रॅम, पुढच्या चाकांवर आहे असे समजा. नुसता २ सेंटिमीटरचा उंबरठा चढायला १८ किलोग्रॅम भाराइतके बल लावावे लागेल! आपण खुर्ची वरच्या मुठींना धरून ढकलतो; त्यामुळे खुर्ची पुढे झुकू पाहते, पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि प्रत्यक्षात याहूनही जास्त जोर लागतो.

आता पायरी ५ सेंटिमीटरची करा. हेच गणित पुन्हा केले तर उत्तर येते १.७३ पट, म्हणजे सुमारे ४२ किलोग्रॅम. आणि १० सेंटिमीटरची पायरी? टेकू आणि चाकाचा मध्य एकाच पातळीत आले. आता कितीही आडवे ढकला, चाक चढणार नाही. भिंतीला ढकलल्यासारखेच ते.

मोठ्या चाकाचे काय? ३० सेंटिमीटर त्रिज्या आणि ६ सेंटिमीटरची पायरी घ्या. त्रिकोण येतो १८, २४, ३० चा. बल पुन्हा पाऊणपटच! छोट्या चाकाला जी अडचण २ सेंटिमीटरची, तीच मोठ्या चाकाला ६ सेंटिमीटरची. म्हणून जाणकार माणूस पायरीवर खुर्ची सरळ ढकलत नाही. खुर्चीच्या मागे, खाली, पायाने दाबायची दोन टोके असतात. त्यांवर पाय देऊन मुठी मागे ओढल्या की खुर्ची मोठ्या चाकांच्या आसावर तरफेसारखी मागे कलते आणि छोटी चाके उचलली जातात. ती आधी वर ठेवायची, मग मोठी चाके चढवायची. पायरी उतरताना मात्र खुर्ची पाठमोरी करून मोठी चाके आधी उतरवायची. सरळ उतरवली तर बसलेला माणूस पुढे फेकला जाण्याची भीती असते.

एक इशारा. खुर्चीच्या मुठींना जड पिशव्या टांगू नका. आजी बसलेली असते तोवर खुर्चीचा गुरुत्वमध्य चाकांच्या आधारात राहतो. ती उठली की मागच्या पिशवीच्या भाराने रिकामी खुर्ची मागे उलटू शकते, आणि आजी नेमकी त्याच खुर्चीचा हात धरून उभी राहत असते.

उतरण किती उतरती?

पायरीला उत्तर म्हणजे उतरण, म्हणजेच रॅम्प. पण प्रत्येक उतरण उपयोगाची नसते. उतरणीचा चढ गुणोत्तराने सांगतात. १:१२ म्हणजे १२ सेंटिमीटर आडवे गेल्यावर १ सेंटिमीटर चढ. केंद्र सरकारने इमारतींसाठी ठरवलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत उतरण १:१२ पेक्षा तीव्र नसावी, असे म्हटले आहे.

बारा हाच आकडा का? हिशेब करून पाहा. आपला भार ७२ किलोग्रॅम. १:१२ च्या उतरणीवर खुर्ची वर ढकलायला, घर्षण सोडून, ७२ भागिले १२, म्हणजे ६ किलोग्रॅम भाराइतके बल लागते. हे तुमच्यासारख्या विद्यार्थ्यालाही जमेल. १:८ वर ९, १:६ वर १२ आणि १:४ वर सुमारे १८ किलोग्रॅम. शिवाय उतरताना तेवढ्याच बलाने खुर्ची धरून ठेवावी लागते. हात सुटला तर?

पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल तर १:१२ ची उतरण १८० सेंटिमीटर लांब हवी. चार पायऱ्यांचा, म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीचा ओटा असेल, तर ७.२ मीटर. इतकी जागा कोण सोडतो? म्हणून बरेचदा पायरीवर हातभर फळी टाकून 'झाली उतरण' म्हणतात. १५ सेंटिमीटरच्या पायरीवर ६० सेंटिमीटरची फळी म्हणजे १:४ चा चढ. ती सोय नव्हे, घसरगुंडी आहे.

उतरणीने काम कमी होते का? नाही. ७२ किलोग्रॅम वर उचलण्यासाठी लागणारी ऊर्जा तितकीच. बल कमी लागते, पण अंतर जास्त चालावे लागते. निसर्ग फुकट काही देत नाही. मात्र हप्त्याने फेडण्याची सवलत देतो, एवढेच.

आता प्रयोग करा. १२० सेंटिमीटर लांबीची एक सरळ पट्टी किंवा फळी घ्या. पारदर्शक बाटलीत पाणी भरून त्यात छोटा बुडबुडा राहील एवढी हवा ठेवा आणि झाकण घट्ट लावा. बाटली सरळ नळीसारखी हवी. ही झाली तुमची पाणसळ. आधी सपाट फरशीवर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो, तिथे खूण करा. मग उतरणीवर फळी चढाच्या दिशेने ठेवा, तिच्यावर बाटली आडवी ठेवा आणि फळीचे खालच्या बाजूचे टोक हळूहळू उचला. बुडबुडा खुणेवर आला की थांबा. त्या टोकाखालची उंची मोजा. १० सेंटिमीटर आली तर उतरण १:१२ आहे. त्याहून कमी आली तर उत्तम. १५ आली तर १:८. २० आली तर १:६. तिथे एकट्याने खुर्ची नेऊ नका.

जमीन कशी आहे?

सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता, असेही नाही. मऊ मातीत चाक रुतते आणि सतत स्वतःच्याच खड्ड्यातून वर चढत राहते. खडीवर प्रत्येक खडा हा एक छोटा उंबरठा. पेव्हिंग ब्लॉकच्या फटींत पुढचे छोटे चाक अडकते. गुळगुळीत फरशीवर एका हाताने जाणारी खुर्ची वाळूत दोघांनाही जात नाही.

हे पडताळून पाहायचे असेल तर शाळेतला तानकाटा घ्या. खेळण्यातल्या चार चाकांच्या गाडीत एक किलोग्रॅमचे वजन ठेवा आणि तानकाट्याने संथ वेगाने ओढत न्या. फरशी, सिमेंट, पेव्हिंग ब्लॉक, गवत, खडी आणि वाळू अशा सहा ठिकाणची मापे लिहून घ्या. छोट्या चाकांची आणि मोठ्या चाकांची अशा दोन गाड्या घेतल्या तर आणखी गंमत. कुठे फरक जास्त पडतो, ते पाहा.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वाळूतून समुद्रापर्यंत जाणारा लाकडी मार्ग २०२२ च्या नोव्हेंबरात खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी खुला झाला. आयुष्यभर समुद्र लांबून पाहिलेली माणसे त्यावरून पाण्यापाशी गेली. डिसेंबरात आलेल्या 'मंदौस' चक्रीवादळाने त्याचे नुकसान केले. म्हणजे सोय बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती टिकवणेही.

आजीला कोणता पाळणा?

आत गेल्यावर प्रश्न येतो, आजी कशात बसू शकेल? इथेही अंदाजापेक्षा गणित बरे.

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. त्याचे त्वरण काढायचे सूत्र सोपे आहे. त्रिज्येला ३९.५ ने गुणा आणि एका फेरीला लागणाऱ्या सेकंदांच्या वर्गाने भागा. २० मीटर व्यासाचा आकाशपाळणा २० सेकंदांत एक फेरी करत असेल, तर १० × ३९.५ ÷ ४०० म्हणजे जवळजवळ १ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरण ९.८. म्हणजे फरक दहाव्या हिश्शाचा. ५० किलोग्रॅमची आजी तळाशी ५५ किलोग्रॅमची आणि शिखरावर ४५ किलोग्रॅमची भासेल. एवढा फरक लिफ्ट सुरू होतानाही जाणवतो.

झुलत्या जहाजाची गोष्ट निराळी. ते उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत वर जात असेल, तर खाली येताना ते झोक्याच्या लांबीच्या निम्म्या उंचीवरून पडते. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × निम्मी लांबी. त्याला लांबीने भागले की उरते फक्त गुरुत्वत्वरण. म्हणून तळाशी प्रत्येक जण स्वतःच्या दुप्पट वजनाचा होतो. जहाज लहान असो वा मोठे, उत्तर तेच! आणि ते आडव्या रेषेपर्यंत, म्हणजे ९० अंश, गेले तर तिप्पट.

एकमेकांवर आदळणाऱ्या छोट्या मोटारींत धक्का क्षणाचा असतो, पण मोठा असतो. सेकंदाला २ मीटर वेग दशांश सेकंदात शून्य झाला तर त्वरण २०, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट, तेही मान बेसावध असताना. उतारवयात हाडांतले खनिज कमी होते आणि मणके ठिसूळ होतात. तेव्हा अशा धक्क्यांपासून आजीला दूर ठेवलेलेच बरे. आजीला काय चालेल आणि काय नाही, हे निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना विचारावे.

आता गंमत पाहा. आकाशपाळण्याचे बल आजीला मुळीच जड नाही. अडचण आहे ती डब्यात चढण्याची! २०-३० सेंटिमीटरची पायरी, अरुंद दार आणि पूर्ण न थांबणारा पाळणा. म्हणजे पुन्हा आपले तेच सेंटिमीटर. काही वेळा चालक 'नाही' म्हणतो, त्याचेही कारण समजून घ्यावे. वीज गेली आणि पाळणा वर थांबला, तर लोकांना शिडीने उतरवावे लागते. ज्यांना तसे उतरता येणार नाही, त्यांच्यासाठी आधी व्यवस्था हवी. 'आम्ही नाही घेत' या उत्तरावर थांबू नका. "उतरवण्याची व्यवस्था काय आहे?" असे नम्रपणे विचारा.

अशी व्यवस्था करता येते, हे अमेरिकेतील सॅन अँटोनिओ शहराने दाखवून दिले. आपल्या अपंग मुलीला इतर मुलांत खेळता येत नाही, हे पाहून गॉर्डन हार्टमन यांनी तेथे २०१० साली एक उद्यान उघडले. मुलीच्या नावावरून त्याचे नाव 'मॉर्गन्स वंडरलँड'. तिथल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रात खुर्चीसकट चढता येते आणि घोड्यांबरोबर खुर्चीही वरखाली होते. २०१७ साली शेजारीच पाण्याचे उद्यान झाले. विजेवर चालणारी खुर्ची पाण्यात नेता येत नाही. म्हणून तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या ठेवल्या. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या बनवल्या.

ही मेहेरबानी नव्हे

भारतात अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. या कायद्यातील 'सार्वजनिक इमारत' या शब्दात सरकारीच नव्हे, तर लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही येतात आणि करमणुकीच्या जागाही येतात. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम्य कराव्यात, असेही त्यात म्हटले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. नुसती शिफारसवजा तत्त्वे पुरेशी नाहीत, पाळलेच पाहिजेत असे किमान नियम हवेत, असे न्यायालयाने सांगितले.

म्हणून उतरण मागताना आवाज खाली नेण्याचे कारण नाही. आणि उतरणीवरून फक्त आजी जात नाही. बाबागाडी ढकलणारी आई जाते, पाय मोडलेला खेळाडू जातो, पाण्याचे कॅन नेणारा हमाल जातो.

निघण्यापूर्वी

दुसऱ्या वेळी आम्ही आधी फोन केला. तुम्हीही हे प्रश्न लिहून ठेवा. फाटक किती रुंद आहे? नेहमीची खुर्ची ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते; फिरत्या फाटकातून ती जात नाही, मग बाजूचे दार कोण उघडील? खुर्ची तिथे मिळते का? उतरणी कुठे आहेत? स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटिमीटर रुंद आहे का, आत धरायला दांडी आहे का, दार बाहेर उघडते का? आत उघडणाऱ्या दाराशी कोणी पडले, तर दार उघडणार कसे? खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती आत आहे का? सावली कुठे आहे? स्वच्छतागृहाची खात्री झाली की आजी पाणी पिते, आणि उन्हाच्या दिवसांत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

सरावासाठी लांब जायला नको. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ महानगरपालिकेचे सायन्स पार्क २०१३ पासून आहे. मोटारगाड्यांचे दालन पाहा, बाहेरच्या बागेतली उपकरणे पाहा आणि बरोबर टेप नेऊन वाटाही मोजा. पुण्याकडून येणाऱ्यांना मेट्रो आहे. पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. स्थानकात लिफ्ट आहे, आणि फलाट व डब्याची जमीन जवळजवळ एकाच पातळीत असते. तिथे आजीने पहिल्यांदाच खुर्चीत बसून गाडीत प्रवेश केला आणि कोणालाही तिला उचलावे लागले नाही.

मग तुमच्या शाळेची पाळी. फाटक, वर्ग, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ यांच्या वाटेवरची प्रत्येक पायरी, उंबरठा आणि उतरण मोजा. नकाशा काढा, मापे लिहा आणि मुख्याध्यापकांना द्या. शिक्षकांनी हा उपक्रम वर्गात घ्यावा. 'इथे फार त्रास होतो' या वाक्याला उत्तर टाळता येते. 'इथे १:५ चा चढ आहे, १:१२ हवा' या वाक्याला टाळता येत नाही.

आमच्या दुसऱ्या फेरीत बाजूचे दार उघडले गेले. चार पायऱ्यांना उतरण नव्हतीच. पण फोनवर कळले होते की मागच्या बाजूने मालाच्या गाड्यांचा रस्ता आहे. भाचीने तो पाणसळीने मोजला. १:१४ आला. आकाशपाळणा पूर्ण थांबवायची विनंती चालकाने मानली, आणि आजी माझ्या व भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून डब्यात चढली. जहाजात मात्र आम्ही तिला बसू दिले नाही. त्यावर ती थोडी रुसलीसुद्धा.

खाली आल्यावर भाचीने विचारले, "आजी, भीती वाटली?"

"कसली भीती! आमच्या जत्रेतला लाकडी पाळणा दोन गडी हातानं फिरवायचे. त्यापुढं हा लई सावकाश आहे."

भाचीने वही काढली. जत्रेतल्या पाळण्याची त्रिज्या अडीच मीटर, एक फेरी सहा सेकंदांत. २.५ × ३९.५ ÷ ३६ म्हणजे सुमारे २.७. तळाशी ६४ किलोग्रॅम, शिखरावर ३६.

आजीचेच बरोबर होते.